नखांवरचा वसंत, नखांखालचे आरोग्य

माघ सरून फाल्गुन लागला की प्रसाधनाच्या कपाटातही ऋतुपालट होतो. हिवाळ्यात शोभणारे मरून, गडद जांभळे नेलपॉलिश मागे सरते आणि अबोली, फिकट गुलाबी, कोवळ्या पालवीसारखा तांबूस रंग हाती येतो. रंगाची निवड ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब. वैद्यकाने तीत ढवळाढवळ करू नये. मात्र जुना रंग पुसल्यावर आणि नवा लावण्यापूर्वी एक आठवडा नखे मोकळी ठेवावीत व दिवसाच्या उजेडात नीट न्याहाळावीत, एवढेच सुचवावेसे वाटते.

हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते आणि मुळापासून टोकापर्यंत यायला साधारण ६ महिने घेते. म्हणजेच होळीला नखाच्या टोकाशी जे दिसते, ते गणपतीच्या सुमारास मुळाशी घडलेले असते. पावसाळ्यात मोठा ताप येऊन गेला असेल, तर त्याची आडवी खाच पुढे सरकत आलेली दिसू शकते. ती नखाबरोबर वाढून निघून जाते. घाबरण्याचे कारण नाही.

निरोगी नखाखाली गुलाबी छटा असते. ती फिकी पांढुरकी वाटली, दम लागत असेल, थकवा जात नसेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. बारमाही रंगाखाली हा फिकेपणा सहज झाकला जातो. लोहाच्या दीर्घ कमतरतेत नख मध्ये खोलगट, चमच्यासारखे होते. निळसर छटा, फुगीर झालेली बोटांची टोके किंवा नखाखाली नव्याने उमटलेली काळी रेघ दिसल्यास विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे. गडद लाल रंगाने आलेला पिवळेपणा निरुपद्रवी असतो. परंतु नख पिवळे, जाड आणि ठिसूळ होत असेल, तर बुरशीची शंका घ्यावी.

आता निगेविषयी. थंडीच्या कोरड्या हवेने नखांचे पापुद्रे सुटलेले असतात, त्यात अॅसिटोनयुक्त द्रावण त्यांना अधिक शुष्क करते. म्हणून ते वारंवार वापरू नये. वापरल्यावर खोबरेल तेल चोळावे. रंगापूर्वी पारदर्शक बेस कोट लावल्यास डाग कमी पडतात. रंगपंचमीला जाताना नखांवर असा थर आणि कडेला तेल असले, तर रंग खोल शिरत नाही. नखाच्या मुळाशी असलेली पातळ त्वचा कापू नये. ती जंतूंना रोखणारे कुंपण आहे. जेल पॉलिश कधीही खरवडून काढू नये, त्यासोबत नखाचाही थर निघतो. नेलपॉलिशची अॅलर्जी पुष्कळदा बोटांवर न दिसता पापण्यांवर वा मानेवर खाज व पुरळ यांच्या रूपाने प्रकटते, कारण हात तेथे सतत जातो. अंगठा चोखणाऱ्या मुलांना रंग लावू नये. शस्त्रक्रियेपूर्वी तो पुसावा. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरची नोंद गडद निळ्या, हिरव्या वा काळ्या रंगामुळे चुकू शकते.

यंदा घरातील आई, आजी आणि मुली यांनी एकमेकींची नखे एकदा पाहावीत. गुलाबी छटा मुळातच असेल, तर वर कोणताही रंग खुलून दिसतो.