गाळ कोण काढणार?

किनवट तालुक्यात इस्लापूरजवळ सहस्रकुंडाच्या कातळावरून कोसळलेली पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. हे पाणी अखेर आंध्र प्रदेशात, काकिनाड्याजवळच्या कोरिंगाच्या कांदळवनाशी पोचतं. सुमारे २३५ चौरस किलोमीटरचं हे जंगल १९७८ साली अभयारण्य झालं.

गोदावरीच्या मुखाशी कांदळवन जागोजागी विरळ झालं होतं. सरपण तोडणाऱ्या, गुरं चारणाऱ्या गावकऱ्यांवर ठपका ठेवणं सोपं होतं आणि तो अगदीच खोटाही नव्हता. पण एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानच्या अभ्यासकांना दुसरं मोठं कारण दिसलं : वनखात्याचीच जुनी कूपतोड, म्हणजे ठरावीक पट्ट्यातली झाडं सरसकट तोडणं. पट्टेच्या पट्टे उघडे पडले की चिखल उन्हानं सुकून खचतो. त्या खोलगटात भरतीचं पाणी शिरतं, पण ओहोटीला बाहेर पडत नाही. ते आटतं, मीठ मागे राहतं आणि तिवराचं रोपही तग धरत नाही.

उपाय म्हणून माशाच्या काट्यासारखे कालवे खणले. मधोमध मुख्य कालवा, दोन्ही अंगांना तिरके फाटे. भरती-ओहोटीचं येणं-जाणं सुरू झालं, खारटपणा उतरला. काठांवर रोपवाटिकेतली तिवरं लावली.

हे काम १९९०च्या दशकाअखेरीपासून गावसमित्यांना सोबत घेऊन झालं. राखीव जंगलात वनसंरक्षण समिती, अभयारण्यालगत इको-डेव्हलपमेंट समिती. वनसंरक्षण समितीत घरटी एक पुरुष आणि एक बाई सभासद. कुठे खणायचं, कुठे लावायचं, सरपणाला पर्याय काय, याचा आराखडा गावासोबत ठरला. पाणी कुठे तुंबतं हे रोज होडी घालणाऱ्याला ठाऊक असतंच.

खरी परीक्षा मात्र लागवडीनंतर असते. कालवे गाळानं भरतात आणि पुन्हा उपसावे लागतात. प्रकल्पाची मुदत संपते, गाळ साचायचा थांबत नाही.

आपल्याकडेही हाच प्रश्न आहे. महाराष्ट्रानं २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापला. २०१७च्या योजनेनं किनाऱ्यावरच्या गावांत सहव्यवस्थापन समित्या आणल्या. खेकडापालनासारख्या सामूहिक व्यवसायाला सरकारचे ९० टक्के, गावाचे १० टक्के. पैशात वाटा मिळाला, हे चांगलंच. तेवढाच निर्णयातही मिळायला हवा.

कोरिंगा असो की किनवटचं सागवन, समितीची किंमत तिनं लावलेल्या रोपांवरून करू नये. दहा वर्षांनी देखभालीचा खर्च कोणत्या खात्यातून होतो आणि तो ठरवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे ग्रामसभेत उभं राहून विचारावं.