मिक्सरची जागा माळ्यावर नाही

पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुटच्या पुढे घोटावडे फाटा लागतो. तिथून आत वळलेला रस्ता घोटावड्यावरून माण-हिंजवडीकडे जातो. एका अंगाला भातखाचरं, एका अंगाला पिरंगुटचे कारखाने आणि पलीकडे आयटी पार्क, अशा पट्ट्यातल्या गावात दोन पिढ्यांची स्वयंपाकघरं एकाच वेळी नांदतात. जुन्या घरात भिंतीला भांड्यांची मांडणी, कोपऱ्यात फडताळ. नव्या बांधकामात ग्रॅनाइटचा ओटा, खाली ट्रॉल्या आणि वर माळा. अडचण मात्र दोन्हीकडे तीच. मिक्सर, इंडक्शनची शेगडी, टोस्टर, किटली, हँड ब्लेंडर, कुठे ओव्हन तर कुठे एअर फ्रायर, अशी यंत्रं एकेक करत आली आणि ती ठेवायची कुठे याचा विचार घर बांधताना कुणी केलेला नव्हता. मग दोनच वाटा उरतात. सगळं ओट्यावर मांडायचं आणि पोळपाटाला जागा शोधत बसायचं, किंवा सगळं खोक्यात घालून माळ्यावर टाकायचं. दुसरी वाट नीटनेटकी दिसते, पण शेवटी तीच महागात पडते. यंत्र कुठे मावतं यापेक्षा ते ठेवल्या जागीच चालू करता येतं का, हे आधी पाहायला हवं. जे दरवेळी उचलून न्यावं लागतं ते हळूहळू वापरातून जातं.

आपल्या जुन्या स्वयंपाकघराला हे चांगलं ठाऊक होतं. जातं जमिनीत पक्कं रोवलेलं असे. दळणारी बाई जात्यापाशी जाऊन बसे, जातं तिच्याकडे येत नसे. उखळही कित्येक घरांत जमिनीतच पुरलेलं असे. पाटा-वरवंटा तेवढा हलवता यायचा, पण तोही धुऊन जिथल्या तिथे भिंतीला टेकवून ठेवत. याउलट चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र, अनरशांची जाळी या वस्तू फडताळाच्या वरच्या फळीवर किंवा माळ्यावर जात. त्या हलक्या होत्या आणि वर्षातून मोजक्या वेळा लागत. म्हणजे जड आणि रोजचं ते खाली, एका जागी. हलकं आणि सणासुदीचं ते वर. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, अंगवळणी पडलेला होता. विजेची यंत्रं आली तशी आपण तो विसरलो. चार-पाच किलोचा मिक्सर आपण सोऱ्याच्या शेजारी नेऊन ठेवला.

मिक्सर इतका जड का, याचं उत्तर मुंबईतच सापडतं. साठच्या दशकात सीमेन्समध्ये काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा ब्राउनचा परदेशी मिक्सर जळाला. तो फळांचे रस आणि केकचं मिश्रण यांसाठी बनवलेला होता. सुकं खोबरं, हळकुंड, भिजवलेली डाळ यांच्यापुढे त्याची मोटर टिकली नाही. माथुरांनी 1963 मध्ये कंपनी काढली आणि आपल्या वाटणाला पुरेल अशा ताकदीचा ‘सुमीत’ मिक्सर बाजारात आणला. आज साधारण घरातला मिक्सर 500 ते 750 वॉटचा असतो. त्या मोटरीतलं तांबं आणि लोखंड हेच त्याचं वजन, आणि ते वजन आहे म्हणून तो कोरडं खोबरं दळताना ओट्यावरून सरकत नाही. ही वस्तू मुळात बसून राहण्यासाठी घडवलेली आहे. आता भारतीय बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आणि माळा साधारण सात फुटांवर, हे समोर ठेवा. तिथून पाच किलोचं धूड उतरवायचं म्हणजे स्टुलावर चढून, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन, तोल सांभाळत उतरायचं, आणि काम झाल्यावर तेच उलट करायचं. दोन चमचे चटणीसाठी हा उपद्व्याप कोण करील? मग चटणी खलबत्त्यात होते, किंवा होतच नाही. घरघंटीचं उदाहरण मोठं बोलकं आहे. एक हॉर्सपॉवरच्या मोटरीची ती लोखंडी पेटी कुणालाच उचलता येत नसल्यामुळे तिला पहिल्या दिवसापासून स्वतःची जागा आणि स्वतःचा पॉइंट मिळतो. तो मान मिक्सरला मिळत नाही, कारण तो जेमतेम उचलता येतो.

वजनाइतकाच दुसरा मुद्दा विजेचा, आणि इथे गफलत जास्त होते. याच तालुक्यातल्या मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात सोडलं गेलं ते 1927 मध्ये. त्या विजेवर मुंबई चालली आणि ज्यांची गावं बुडाली त्या मावळातल्या घरांत दिवा पुढे कितीतरी वर्षांनी लागला. धरणाविरुद्धच्या सेनापती बापटांच्या सत्याग्रहाचा इतिहास इथे सांगायचं कारण नाही, पण वायरिंग उशिरा झालेल्या घरांचं स्वयंपाकघर एका दिव्याच्या आणि एका प्लगच्या हिशेबाने आखलं गेलं, ही खूण अजून दिसते. नव्या इमारतीतही ओट्यावर बहुधा एक-दोन पॉइंट असतात आणि मोठा पॉइंट फ्रिजने अडवलेला असतो. गणित सोपं आहे. आपल्याकडे दाब 230 व्होल्टचा, तेव्हा 6 अँपिअरच्या छोट्या प्लगातून जास्तीत जास्त 1,380 वॉट घ्यावेत. मिक्सर, टोस्टर, हँड ब्लेंडर यांना तो पुरतो. दीड हजार वॉटची किटली, दोन हजारांपर्यंत जाणारी इंडक्शन, बरेच ओव्हन आणि एअर फ्रायर यांना 16 अँपिअरचा मोठ्या पिनांचा पॉइंटच हवा. तो जवळ नसला की एक्स्टेन्शन बोर्ड येतो, सिंकच्या शेजारून लोंबतो, त्यात दोन यंत्रं एकदम लागतात आणि एक दिवस प्लगचं प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसतं. तो पिवळेपणा म्हणजे पिना तापत असल्याची खूण, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणं धोक्याचं. म्हणून यंत्राची जागा ठरवायला भिंतीवरच्या पॉइंटपासून सुरुवात करावी, कपाटापासून नव्हे. ज्या कप्प्याजवळ योग्य पॉइंट नाही तो कप्पा कितीही ऐसपैस असला तरी यंत्राच्या दृष्टीने अडगळच.

मुळशीच्या हवेत तिसरी गोष्टही मोजावी लागते. ताम्हिणी घाटाच्या अंगाला पाऊस कोसळतो तितका घोटावड्यात पडत नसला, तरी जून ते सप्टेंबर भिंतींना आणि बंद कपाटांना ओल सुटत नाही. मिक्सरचं भांडं धुऊन, झाकण घट्ट लावून कपाटात ठेवलं तर आठवड्यात झाकणाच्या रबरी गॅस्केटखाली काळी बुरशी धरते आणि पुढच्या वाटणाला कुबट वास येतो. भांड्याच्या बुडाशी, पात्याच्या दांड्याखाली जे बुश असतं त्यात पाणी राहिलं की दांडा जाम होतो, आणि जोर केला की खालचा काळा कपलर झिजून दात गमावतो. दुरुस्तीला येणाऱ्या मिक्सरचं दुखणं पुष्कळदा एवढंच असतं. उपायही एवढाच: भांडं पुसून, झाकण काढून, हवेवर ठेवायचं, गॅस्केट बाहेर काढून वेगळं. शिवाय झुरळांना ऊब आणि अंधार आवडतो, आणि मायक्रोवेव्हच्या बटणांमागचा भाग त्यांना दोन्ही देतो. भातखाचरालगतच्या घरात उंदीर वायर कुरतडतात ते वेगळंच. हे सगळं जिथे नजर पडत नाही तिथे घडतं. रोज समोर असलेलं यंत्र रोज पुसलं जातं आणि बिघाड लवकर कळतो. माळ्यावरच्या खोक्यातलं यंत्र दिवाळीला उघडलं की मेलेलं निघतं.

आता याला हरकती आहेत आणि त्या फुसक्या नाहीत. पहिली अशी की आपल्या स्वयंपाकात फोडणी असते. तेलाची वाफ उडते आणि ओट्यावरच्या यंत्रावर आठ दिवसांत चिकट पुट चढतं. खरं आहे. पण त्यातून निष्कर्ष निघतो तो एवढाच की यंत्र शेगडीपासून आणि सिंकपासून दोन-अडीच फूट लांब असावं, वर सुती कापड असावं. प्लास्टिकचं कव्हर नको, त्याखाली दमट हवा कोंडते. दुसरी हरकत रिकाम्या ओट्याची. जाहिरातीतलं स्वयंपाकघर पाहून ओट्यावर फुलदाणीपलीकडे काही दिसू नये असं वाटू लागलं आहे. ती छायाचित्रं काढताना तिथे कुणी स्वयंपाक करत नसतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. फ्रँकफर्टमध्ये 1926 च्या सुमारास मार्गारेट श्यूटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी कामगारांच्या घरांसाठी साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथे सांगतात. त्यांनी आधी कामाच्या फेऱ्या मोजल्या, हात कुठवर पोचतो ते पाहिलं आणि मग कपाटं लावली. आपण मॉड्युलर घेतलं, हे मोजणं मागे ठेवलं.

तिसरी हरकत सगळ्यांत वजनदार: जागाच नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जेवणाची जागा वेगळी असेल तर पाच चौरस मीटरचं स्वयंपाकघर चालतं, आणि बांधणारे बहुधा त्याच्या फार पुढे जात नाहीत. दोन फूट खोलीच्या ओट्यावर शेगडी आणि सिंक वजा जाता हाती उरतात तीन-चार फूट. एवढ्यात सगळी यंत्रं बसणार नाहीत हे मान्यच. पण सगळ्यांनी बसावं असा आग्रह कुठे आहे? ओट्यावर रोजची दोन राहावीत, बहुतेक घरांत मिक्सर आणि किटली किंवा इंडक्शन. आठवड्याला लागणारी यंत्रं गुडघा ते खांदा या पट्ट्यात, उघड्या फळीवर किंवा भक्कम ट्रॉलीत. ओव्हनसारखं तापणारं यंत्र मात्र त्याच्या पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा चहूबाजूंनी सोडूनच. ही फळी स्वयंपाकघरातच हवी असंही नाही. जेवणघराच्या भिंतीला पॉइंट असेल तर टोस्टर-ओव्हन तिथे उत्तम. लहान मुलं असतील तर फळी उंच घ्या, वायर लोंबती ठेवू नका आणि बोर्डावर गळतीला वीज तोडणारं 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवा. मिक्सर माळ्यावर नेऊन मुलांची सुरक्षितता वाढत नाही, आईच्या पडण्याची शक्यता तेवढी वाढते. आणि ज्या यंत्राला या हिशेबात जागा मिळतच नाही ते घेऊ नये, किंवा असलं तर देऊन टाकावं. आंबेमोहोराचा भात साध्या पातेल्यात सुरेख होतो. त्यासाठी राइस कुकर हवाच असं नाही. सँडविच टोस्टरचं काम तव्यावर भागतं. लग्नात भेट आलेली यंत्रं अडचण सोसून सांभाळण्यात भावना असते हे खरं, पण ज्यांनी ती दिली त्यांनी माळ्यासाठी दिली नव्हती.

या बाबतीत फार थोडी घरं इतकी भाग्यवान असतात की त्यांना सुरुवातीपासून सगळं ठरवता येतं, पण घोटावडे-माण पट्ट्यात आज अशी घरं पुष्कळ आहेत, कारण बांधकामं चालू आहेत. ज्यांचं घर अजून विटांत आहे त्यांनी भिंतीला टाइल्स लागण्याआधी, रोज ओट्यापाशी उभं राहणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन एक दिवस तिथे घालवावा. कोणतं यंत्र कुठे बसेल ते खडूने भिंतीवर काढावं, प्रत्येक चौकटीशेजारी 6 की 16 ते लिहावं आणि इलेक्ट्रिशियनला तेवढे पॉइंट ओट्यापासून वीतभर उंचीवर, सिंकपासून लांब द्यायला सांगावेत. फर्निचरवाल्याला त्यानंतर बोलवा.