'द ॲडव्हेंचर्स ऑफ बॅरी मॅकेन्झी' : आत्मोपहास आणि वसाहतोत्तर अस्मिता

ब्रिटिश साम्राज्याने ज्यांना जिंकले त्यांच्या न्यूनगंडाची चर्चा वसाहतोत्तर अभ्यासात विपुल झाली आहे. परंतु मूळ रहिवाशांच्या भूमीवर साम्राज्याने ज्यांना नेऊन वसविले, त्या गोऱ्या समाजालाही हा न्यूनगंड चुकला नाही. समीक्षक ए. ए. फिलिप्स यांनी १९५० मध्ये 'मीन्जिन' या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात ऑस्ट्रेलियन मनाच्या या 'सांस्कृतिक ओशाळलेपणा'ला नाव दिले. आपली कलाकृती इंग्लंडने वाखाणल्याशिवाय ती चांगली म्हणावयाची नाही, अशी ही वृत्ती होय. तिच्यावर सर्वांत मोठ्याने, आणि सर्वांत असभ्यपणे, हसणारी कृती म्हणून ब्रूस बेरेसफर्ड दिग्दर्शित 'द ॲडव्हेंचर्स ऑफ बॅरी मॅकेन्झी' (१९७२) या चित्रपटाकडे पाहता येते. प्रस्तुत लेखात त्यातील उपहासाचा रोख नेमका कोणावर आहे, याचा विचार केला आहे.

बॅरीचा जन्म पडद्यावरचा नव्हे. बॅरी हम्फ्रीज यांचे लेखन आणि निकोलस गारलंड यांची चित्रे असलेली ही व्यंगचित्रमालिका लंडनच्या 'प्रायव्हेट आय' या पाक्षिकात १९६४ पासून प्रसिद्ध होत होती. १९६८ मध्ये तिचे पुस्तक निघाले, तेव्हा ऑस्ट्रेलियन शासनाने अश्लीलतेच्या कारणावरून त्यावर बंदी घातली. पुढे चित्रपट निघाला, त्याचा अडीच लाख डॉलरचा खर्च मात्र १९७० मध्ये स्थापन झालेल्या शासकीय चित्रपट विकास महामंडळाने उचलला. एका हाताने बंदी आणि दुसऱ्या हाताने अनुदान, असा हा प्रकार होता. देशाचे चित्रपटविषयक धोरण त्या काळात किती वेगाने बदलत होते, हे यावरून ध्यानी यावे.

कथानक नाममात्र आहे. वडिलांच्या मृत्युपत्रानुसार बॅरीला पैसे मिळणार आहेत, पण अट अशी की त्याने इंग्लंडला जाऊन सुसंस्कृत होऊन यावे. रुंद काठाची टोपी, जुन्या घाटाचा सूट आणि अखंड बिअर अशा थाटात तो एडना मावशीसह लंडनला पोहोचतो. विमानतळावरून शहरात नेणारा टॅक्सीचालक त्याला स्टोनहेंजवरून फिरवून आणतो! हा एक विनोद उर्वरित चित्रपटाचे सूत्र सांगून जातो. ज्या देशाला बॅरीचे आईबाप 'घर' म्हणत आले, त्या देशाच्या लेखी तो केवळ लुबाडण्याजोगे गिऱ्हाईक आहे. सुसंस्कृत म्हणविणारे इंग्रज येथे लोभी, ढोंगी किंवा विकृत दिसतात.

स्पाइक मिलिगन यांनी रंगविलेला घरमालक या दृष्टीने लक्षणीय ठरतो. मिलिगन यांचा जन्म १९१८ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील. वडील आयर्लंडमध्ये जन्मलेले असल्याने त्यांच्या ब्रिटिश पारपत्राचा प्रश्न उभा राहिला. निष्ठेची शपथ घेण्यास त्यांनी नकार दिला आणि १९६२ मध्ये आयरिश नागरिकत्व स्वीकारले. लंडनचा उंबरठा अडवून बसलेल्या घरमालकाची भूमिका, ज्याला स्वतःलाच तो उंबरठा परका झाला अशा नटाने करावी, हा योगायोग चित्रपटातील कोणत्याही विनोदाहून कमी बोचरा नाही. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर काही महिन्यांतच, १ जानेवारी १९७३ रोजी, ब्रिटनने युरोपीय आर्थिक समुदायात प्रवेश केला. त्याच दिवशी १९७१ चा स्थलांतर कायदाही अमलात आला आणि राष्ट्रकुलातील नागरिकांसाठी 'घरा'चे दार आणखी आकसले.

तथापि उपहासाची दुसरी धार बॅरीवरच आहे. तो अडाणी, स्त्रियांपुढे गोंधळणारा आणि ओकारी व लघवी यांसाठी नाना शब्दप्रयोग योजणारा गावंढळ आहे. यांतील काही शब्द हम्फ्रीज यांनी लोकांच्या तोंडून वेचले, तर काही स्वतः घडविले. शेवटी दूरदर्शनच्या स्टुडिओला लागलेली आग ऑस्ट्रेलियन मंडळी बिअर पिऊन ज्या रीतीने विझवतात, ती येथे सांगणे प्रशस्त नव्हे. समीक्षकांना हे सारे राष्ट्राची नाचक्की वाटले. प्रेक्षकांनी मात्र दहा लाख डॉलरहून अधिक गल्ला जमवून दिला, आणि ज्याची टर उडविली होती त्यालाच आपला म्हणून डोक्यावर घेतले. आत्मोपहासाचा हा खरा धोका होय. आरसा म्हणून पुढे केलेली वस्तू लोक तसबीर म्हणून भिंतीवर टांगतात. चित्रपटाला निव्वळ राष्ट्रवादी किंवा निव्वळ राष्ट्रद्रोही ठरविणारी दोन्ही मते म्हणूनच अपुरी वाटतात. बेरेसफर्ड यांनी पुढे 'ब्रेकर मोरंट' (१९८०) मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयापुढे उभ्या केलेल्या ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्यांची कथा सांगितली. तेथे हाच प्रश्न हसू पुसून समोर येतो.

१९७४ च्या दुसऱ्या भागात पंतप्रधान गफ व्हिटलम स्वतः पडद्यावर अवतरतात आणि एडना मावशीला 'डेम' हा ब्रिटिश किताब बहाल करतात. याच व्हिटलम यांच्या शासनाने फेब्रुवारी १९७५ मध्ये 'ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया' हा स्वदेशी सन्मान सुरू केला. विनोदाने दिलेला तो किताब मात्र एडनाला कायमचा चिकटला, आणि एप्रिल २०२३ मध्ये हम्फ्रीज यांचे निधन झाले तेव्हाही जगाने 'डेम एडना' गेल्याचाच शोक केला.