माणूस तोच, रस्ते दोन

दम्याचा माणूस चार पावले चालून धापा टाकू लागला, की घरातील वडीलधारी मंडळी सारा ठपका चालण्यावर ठेवून त्याला पुन्हा आरामखुर्चीत बसवितात. ज्या हवेतून तो चालला, त्या हवेची जबानी घेण्याचे मात्र कोणाच्याही ध्यानात येत नाही.

ती जबानी लंडनच्या संशोधकांनी घेतली. तेथील ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या एका टापूत तेव्हा खासगी मोटारींना मज्जाव होता, मुभा काय ती बसगाड्यांना आणि टॅक्सींना. आणि ही वाहने डिझेलवर धावणारी असल्यामुळे डिझेलचा धूर तेथे जणू निवडून ठेवलेला मिळे. त्याच रस्त्याच्या पश्चिम टोकाशी हाइड पार्कची विस्तीर्ण हिरवळ. इतकी सोयीस्कर तजवीज कोणत्याही प्रयोगशाळेला हेवा वाटावा अशीच म्हणायची! सौम्य वा मध्यम दमा असलेल्या ६० प्रौढांना एके दिवशी त्या रस्त्यावरून, तर काही आठवड्यांच्या अंतराने दुसऱ्या दिवशी त्या उद्यानातून, प्रत्येक खेपेस दोन तास चालविण्यात आले.

जोर लावून सोडलेल्या उच्छ्वासाच्या पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे श्वासनलिकांच्या मोकळेपणाचे माप होय. उद्यानातील फेरीनंतर ते सरासरीने फार तर १.९ टक्क्यांनी उतरले; रस्त्यावरील फेरीनंतर मात्र ६.१ टक्क्यांपर्यंत. कफातही दाहाच्या खुणा वाढलेल्या आढळल्या, आणि या घटीचा संबंध सर्वांत सुसंगतपणे जुळला तो अतिसूक्ष्म कणांशी व काजळीतील कार्बनशी. हे निष्कर्ष २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले.

स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सुमारे ६ लिटर हवा घेतो. श्रमाबरोबर हा आकडा कित्येक पटींनी चढतो, आणि तोंड उघडताच, एरवी धुळीचा बराच माल अडवून धरणारी नाकाची जकातचौकी चुकवून हवा थेट आत उतरते. निरोगी नलिका जो उपद्रव मुकाट्याने सोसते, त्याच उपद्रवाने हळव्या नलिकेचे स्नायू आवळले जातात, अस्तर सुजते आणि मार्ग अरुंद होतो. मध्यम दमा असलेल्यांत ही घट सौम्य दमा असलेल्यांहून अधिक दिसली, यात म्हणूनच नवल नाही.

तेव्हा दम्याच्या वाचकांनी चालणे सोडू नये. हमरस्ता सोडावा, मागची गल्ली धरावी, आणि डॉक्टरांनी दिलेला पंप खिशात असू द्यावा.