कार्ल शुर्त्स

कार्ल क्रिश्चियन शुर्त्स (२ मार्च १८२९ – १४ मे १९०६) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन सेनानी, पत्रकार, मुत्सद्दी व राजकारणी होते. अमेरिकेच्या सेनेटवर निवडून गेलेले ते पहिले जर्मनीत जन्मलेले नागरिक होत. पक्षापेक्षा स्वतःच्या मताला अधिक मान देणारे नेते म्हणून त्यांची ख्याती होती. मात्र गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांविषयी त्यांची भूमिका पुढे बदलल्याने त्यांच्या कार्याबद्दल मतभेद आहेत.

पूर्वायुष्य व क्रांती

शुर्त्स यांचा जन्म प्रशियाच्या ऱ्हाइन प्रांतात, कलोनजवळील लिब्लार या गावी झाला. त्यांचे वडील शाळाशिक्षक होते. बॉन विद्यापीठात शिकत असताना प्राध्यापक गॉटफ्रीड किंकेल यांच्या सहवासाने ते लोकशाहीवादी चळवळीत ओढले गेले आणि किंकेल यांच्या वृत्तपत्रात लिहू लागले. १८४९ मध्ये बाडेन येथील उठावात ते लढले. राष्टाटचा किल्ला प्रशियन सैन्याच्या हाती पडला, तेव्हा पकडले गेल्यास देहदंडाची भीती होती. शुर्त्स सांडपाण्याच्या भुयारातून निसटले आणि अखेर स्वित्झर्लंडमध्ये पोहोचले. नोव्हेंबर १८५० मध्ये ते गुप्तपणे परत आले आणि एका पहारेकऱ्याला वश करून त्यांनी किंकेल यांची श्पांडाउच्या तुरुंगातून सुटका केली.

१८५२ मध्ये लंडन येथे त्यांचा मार्गारेट मायर यांच्याशी विवाह झाला व त्याच वर्षी हे दांपत्य अमेरिकेस गेले. विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथे मार्गारेट यांनी १८५६ साली जर्मन भाषेतील बालवाडी सुरू केली. ती अमेरिकेतील पहिली बालवाडी मानली जाते.

मुत्सद्दी व सेनानी

गुलामगिरीच्या विरोधामुळे शुर्त्स रिपब्लिकन पक्षात आले. १८६० च्या निवडणुकीत त्यांनी जर्मन मतदारांमध्ये अब्राहम लिंकन यांचा जोरदार प्रचार केला. लिंकन यांनी १८६१ मध्ये त्यांना स्पेनमध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून पाठविले. युरोपीय राष्ट्रांची सहानुभूती दक्षिणेकडे वळू द्यायची नसेल, तर हे युद्ध गुलामगिरीविरुद्ध आहे असे उघडपणे जाहीर करावे, असे त्यांनी माद्रिदहून आपल्या सरकारला कळविले.

१८६२ मध्ये पद सोडून ते उत्तरेच्या सैन्यात ब्रिगेडियर जनरल झाले व पुढील वर्षी मेजर जनरल झाले. चॅन्सेलर्सव्हिल येथे २ मे १८६३ रोजी शत्रूने सैन्याच्या उजव्या बगलेवर अचानक हल्ला केला. ही बगल उघडी असल्याचा इशारा शुर्त्स यांनी आधीच वरिष्ठांना दिला होता. तरीही पराभवाचे खापर जर्मन सैनिकांवर फोडण्यात आले. हा आरोप पुसून काढण्यासाठी शुर्त्स यांनी चौकशीची मागणी केली, पण ती मान्य झाली नाही. त्यानंतर ते गेटिसबर्ग व चॅटनूगा येथेही लढले.

दक्षिणेचा अहवाल

युद्ध संपल्यावर, १८६५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्यांना दक्षिणेतील राज्यांच्या पाहणीसाठी पाठविले. दक्षिणेने शरणागती पत्करली असली, तरी गुलामगिरीची वृत्ती सोडलेली नाही. मुक्त झालेल्यांना मताधिकार दिल्याविना त्यांचे संरक्षण होणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. जॉन्सन यांना हा अहवाल रुचला नाही. पण सेनेटने तो मागवून प्रसिद्ध केला.

१८६९ ते १८७५ या काळात शुर्त्स मिसूरीचे सेनेटर होते. या काळात त्यांनी माजी बंडखोरांना राजकीय हक्क परत देण्याचा आग्रह धरला आणि दक्षिणेतील केंद्राच्या लष्करी हस्तक्षेपास विरोध केला. ज्या संरक्षणाची गरज त्यांनी स्वतःच दाखवून दिली होती, ते मागे घेतले जात असताना ते विरोधकांच्या बाजूला उभे राहिले. ग्रँट सरकारच्या भ्रष्टाचाराविरुद्ध १८७२ मध्ये निघालेल्या लिबरल रिपब्लिकन पक्षाचे ते एक प्रमुख नेते होते.

पत्रकारिता

१८६६ मध्ये त्यांनी डेट्रॉइटच्या एका दैनिकाचे संपादन केले. पुढील वर्षी ते सेंट लुइसमधील 'वेस्टलिश पोस्ट' या जर्मन वृत्तपत्राचे भागीदार झाले. याच वृत्तपत्रात जोसेफ पुलित्झर यांनी वार्ताहर म्हणून आपल्या पत्रकारितेची सुरुवात केली. १८८१ ते १८८३ मध्ये शुर्त्स 'न्यू यॉर्क ईव्हनिंग पोस्ट'चे एक संपादक होते व नंतर त्यांनी 'हार्पर्स वीकली'साठी अग्रलेख लिहिले.

मंत्रिपद व उत्तरायुष्य

राष्ट्राध्यक्ष हेझ यांच्या मंत्रिमंडळात (१८७७–१८८१) त्यांच्याकडे अंतर्गत व्यवहार खाते होते. सार्वजनिक जमिनी व मूळ रहिवाशांचा कारभार या खात्याकडे असे. त्यांनी वशिल्याऐवजी गुणवत्तेवर नेमणुका केल्या आणि जंगलतोडीस आळा घालण्याचा प्रयत्न केला. मात्र पोंका जमातीचे त्यांच्या भूमीतून झालेले स्थलांतर त्यांच्याच कारकिर्दीत घडले व त्यात अनेकांचा बळी गेला. या जमातीवर अन्याय झाल्याचे शुर्त्स यांनी मान्य केले. तरीही लेखिका हेलन हंट जॅक्सन यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली.

१८८४ मध्ये स्वपक्षाच्या उमेदवाराऐवजी त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना पाठिंबा दिला. १८९८ नंतर फिलिपाइन्स ताब्यात घेण्यास त्यांनी विरोध केला. देश चुकत असेल तर त्याला योग्य मार्गावर आणणे हीच खरी देशभक्ती, असे ते मानत. न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणींचे तीन खंड १९०७-०८ मध्ये प्रकाशित झाले. मॅनहॅटनमधील एका उद्यानास त्यांचे नाव देण्यात आले आहे.