जहाज बांधायचे आणि जाळायचे

स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात शेटलंड नावाची बेटे आहेत. लर्विक हे तिथले मुख्य गाव. जानेवारीत तिथे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. अशा अंधाऱ्या दिवसांत, जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी, लर्विकला मोठा सण असतो. त्याचे नाव 'अप हेली आ'.

सुमारे बाराशे वर्षांपूर्वी नॉर्वेतून वायकिंग लोक या बेटांवर आले. ते पक्के दर्यावर्दी. लूटमार करीत, तशी शेती आणि व्यापारही करीत. इथे ते घरे बांधून राहिले. लर्विक हे नाव त्यांच्याच भाषेतले. अर्थ, चिखलाची खाडी.

मग ही बेटे स्कॉटलंडकडे कशी गेली? मंडळी, हुंड्यापायी! डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाची मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या राजाला दिली. लग्न १४६९ साली झाले. हुंडा ठरला ६०,००० सोन्याची नाणी. वधूपित्याजवळ रोकड नव्हती. त्याने ५०,००० पोटी ऑर्कनी बेटे गहाण टाकली. २,००० कशीबशी दिली. उरलेल्या ८,००० पोटी शेटलंड गहाण पडले. ते गहाण आजवर सुटले नाही. मुलीच्या लग्नात शेत गेल्याचे आपण ऐकतो. इथे तर बेटेच गेली!

हा सण मात्र वायकिंगांच्या काळचा नव्हे, बरे का. पूर्वी लर्विकची तरुण पोरे थंडीत डांबराची जळती पिंपे रस्त्यातून ओढीत. आपल्या शिमग्यासारखाच दंगा. पुढे त्याला बंदी आली. मग १८८१ साली मशालींची मिरवणूक सुरू झाली. १८८९ साली तीत वायकिंगांचे जहाज आले.

हे जहाज गावकरीच बांधतात. आपला कामधंदा सांभाळून, महिनोन् महिने खपून. मजुरी कोणी घेत नाही.

सणाच्या दिवशी वायकिंगांचा नायक, म्हणजे 'यार्ल', आपले पथक घेऊन शाळाशाळांतून हिंडतो. अंगात चिलखत, हाती ढाल आणि कुऱ्हाड. पोरे ढालीला हात लावून बघतात. शाळेत उभी हयात काढलेल्या आम्हांला वाटते, पुस्तकाच्या दहा पानांनी होणार नाही ते या एका भेटीने होते.

मुलांचेही वेगळे पथक असते, त्यांचा यार्ल असतो, लहान जहाज असते. पण पुष्कळ वर्षे त्यात फक्त मुलगेच असत. मोठ्यांच्या पथकांतही बायकांना जागा नव्हती. त्यांनी रात्री पाहुण्यांचे खाणेपिणे बघायचे. यावर गावात पुष्कळ वाद झाला. अखेर २०२३ सालापासून मुली आणि बायाही पथकांत चालू लागल्या. फार उशीर झाला, असे आमचे मत आहे.

रात्री रस्त्यावरचे दिवे घालवतात. रॉकेलात भिजवलेल्या गोणपाटाच्या मशाली पेटतात. सुमारे हजार माणसे जहाजाभोवती फेर धरतात आणि मशाली जहाजात फेकतात. महिनोन् महिने खपून बांधलेले जहाज बघता बघता जळून जाते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सुट्टी.