कोवळ्या उन्हात न सापडणारं जीवनसत्त्व

पनवेलच्या वडाळे तलावाभोवती सकाळी ज्येष्ठ मंडळींची वर्दळ असते. कोवळं ऊन अंगावर घ्यावं, हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं. चालण्याचा फायदा होतोच. ड जीवनसत्त्व मात्र या उन्हात फारसं मिळत नाही. त्वचेत ते तयार व्हायला अतिनील-ब किरण लागतात आणि सूर्य खाली असताना ते वातावरणातच अडतात. जमिनीवर ते भरपूर पोचतात भर दुपारी, जेव्हा सगळे पंख्याखाली असतात. काचेतूनही हे किरण येत नाहीत. खांदा कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये सरकत्या काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत बसलेल्या आजींना उन्हाची ऊब मिळते, जीवनसत्त्व नाही. त्यात सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हेच किरण शोषतं, आणि वयानुसार त्वचेची क्षमताही घटते.

म्हणूनच उन्हाच्या देशात ही कमतरता आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अकराशेहून अधिक निरोगी तरुणांपैकी सुमारे ७० टक्क्यांमध्ये ती आढळली.

या कमतरतेचा स्मृतिभ्रंशाशी, म्हणजे डिमेन्शियाशी, काय संबंध? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या १,६५८ ज्येष्ठांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात ड जीवनसत्त्व फारच कमी होतं, त्यांच्यात डिमेन्शियाचा धोका दुपटीहून अधिक दिसला. तिथल्या कृष्णवर्णीयांमध्ये हे जीवनसत्त्व कमी असतं आणि वृद्धापकाळी डिमेन्शियाही गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आढळतो. दोन्ही गोष्टी जोडून त्वचेच्या रंगाला दोष देण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा.

विसरायला लागलेला माणूस घराबाहेर पडेनासा होतो, मग त्याचं ड जीवनसत्त्वही घसरतं. म्हणजे कमतरता हे आजाराचं कारण नसून परिणाम असू शकतो. शिवाय कृष्णवर्णीयांच्या वाट्याला निकृष्ट शाळा, गरिबी, उपचाराविना राहिलेला रक्तदाब हेही आलं. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ या मोठ्या चाचणीत ड जीवनसत्त्वाचे रोज २,००० युनिट देऊनही स्मरणशक्तीची घसरण मंदावल्याचं दिसलं नाही. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यांत अपुरं शिक्षण, बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, प्रदूषित हवा आहे, ड जीवनसत्त्व नाही. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई लोकांना, म्हणजे तिथल्या मराठी कुटुंबांनाही, वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करायला सांगतात, ते हाडं आणि स्नायूंसाठी.

डिमेन्शियाच्या प्रमाणात अशी सामाजिक दरी आपल्याकडेही आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. ज्या आजीला कधी शाळेत पाठवलंच नाही, तिच्या विस्मरणाचा हिशेब निव्वळ गोळीने कसा चुकता होईल?

गोळीबाबत एक कळकळीची सूचना. ड जीवनसत्त्वाची ‘साठ हजारची गोळी’ औषधाच्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेणारे पुष्कळ आहेत. अतिरेक झाला की रक्तात कॅल्शियम वाढतं. उलट्या होतात, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो. घरच्यांना वाटतं, विस्मरणच बळावलं. डॉक्टरांनी ठरवलेलाच डोस आणि तेवढेच आठवडे घ्यावा. घरातलं कुणी विसरू लागलं असेल, तर बी-१२ आणि थायरॉइड आधी तपासून घ्यावं. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते, आणि त्यातून आलेलं विस्मरण वेळेत उपचार झाले तर बऱ्याचदा सुधारतं.